रात्री नऊची प्रार्थना

तुमच्या घरी देवापाशी दिवा कोण लावतं हो? बहुतेक तुम्हीच लावत असाल. आमच्या घरी दिवा लावायची पद्धत नाही, पण रात्री नऊची प्रार्थना आहे. आम्ही मराठी ख्रिस्ती. माझं माहेर नगरचं, सासर नागपूरचं. प्रताप नगरात आमचं तीन खोल्यांचं घर आहे. जेवणं झाली, ओटा पुसून झाला की सगळ्यांनी बाहेरच्या खोलीत बसायचं. हे बायबलमधला एखादा उतारा वाचायचे, प्रार्थना करायचे आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणायची. लग्न होऊन आले त्या दिवसापासून हा रिवाज मी पाहत आले.

तुमच्यापासून काय लपवायचं? हे प्रार्थना करायचे तेव्हा माझं अर्धं चित्त स्वयंपाकघरात असायचं. हरभरे भिजत घातले का, दुधाचं पातेलं झाकलं का, मुलाच्या शर्टाचं बटण लावायचं राहिलं, असं काहीबाही. देवाशी बोलायचं खातं ह्यांच्याकडे आणि डबे भरायचं माझ्याकडे, अशी आमची वाटणी होती. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुखाचं नाव असतं आणि बाकीच्यांची खाली, तशी माझी श्रद्धा ह्यांच्या नावाखाली होती. चाललं होतं तोवर त्यात काही उणं आहे असं वाटलंही नाही.

सहा वर्षांपूर्वी मे महिन्यात ते बदललं.

नागपूरचा मे तुम्हाला सांगायला नको. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. हे बँकेचं काम उरकून एक वाजता स्कूटरवरून घरी आले. चेहरा लालबुंद. काहीतरी बोलले, पण शब्द जड येत होते, जीभ अडखळत होती. चष्मा ठेवायला गेले तो हातातून पडला. मी म्हटलं, "ऊन लागलं तुम्हाला. सांगत होते, सकाळी जा म्हणून." कैरीचं पन्हं केलेलं होतंच. एक पेलाभर पाजलं. तळपायाला कांदा चोळला, कूलर लावला नि म्हटलं, "आता गप पडून राहा." ते झोपले. मीही हुश्श करून मसाल्याच्या मिरच्या निवडायला बसले.

सहा वाजता चहाला उठवायला गेले तर उजवा हात लोंबत होता आणि तोंड एका बाजूला ओढलेलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सुरुवात किती वाजता झाली?" मी म्हटलं, "एक वाजता." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. सात वाजत होते. ते काही बोलले नाहीत, पण त्यांचं ते घड्याळाकडे बघणं मी आजही विसरले नाही. मग कळलं की मेंदूच्या डाव्या भागात रक्ताची गुठळी अडकली होती. डावा भाग उजव्या अंगावर हुकूम चालवतो आणि बहुतेकांची वाचाही तिथेच असते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं, पण ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आमचे ते तास मी पन्ह्यात आणि मिरच्यांत घालवले होते.

मैत्रिणींनो, पुढे जाण्याआधी एवढं ऐका, कारण हे तुमच्या घरीही उपयोगी पडेल. माणसाचं तोंड एकाएकी वाकडं झालं, एक हात किंवा पाय लुळा पडला, बोलणं अडखळायला लागलं, तर ऊन लागलं की पित्त झालं याचा खल करत बसू नका. सुरुवात किती वाजता झाली ते लक्षात ठेवा, १०८ नंबरला फोन करा आणि थेट मोठ्या दवाखान्यात न्या. तोंडात पाण्याचा घोटही घालू नका. अशा वेळी गिळण्याची ताकद गेलेली असू शकते आणि पाणी श्वासनलिकेत जातं. मला हे त्या दिवशी माहीत नव्हतं.

हे वाचले. तीन आठवड्यांनी घरी आले. उजवं अंग निकामी नि वाचा बंद. समजत सगळं होतं, डोळ्यांतून दिसायचं तसं. पण तोंडातून एकच आवाज निघे, "ता... ता..." साधं पाणी मागायचं तरी "ता... ता..." आणि मग आपल्याला जमत नाही म्हणून स्वतःवरच संताप.

आता लोक भेटायला येऊ लागले. दुःखाच्या घरी येणाऱ्यांचे प्रकार तुम्हीही पाहिले असतील. एक जण म्हणाल्या, "देव त्याच्या आवडत्या माणसांचीच परीक्षा घेतो." दुसऱ्या हळूच म्हणाल्या, "घरात काही चुकलंय का, आठवून बघा. पाप कबूल केलं की वाट मोकळी होते." एक गृहस्थ उपदेश करून गेले, विश्वास पुरा असता तर एव्हाना हे चालायला लागले असते. सगळे आपल्याच मंडळीतले, सगळे मायेने आलेले. मी सगळ्यांना चहा दिला, माना डोलावल्या नि दार लावून घेतलं. घरात काय चुकलं होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. पन्ह्याचा पेला रोज मीच घासत होते.

आणि रात्रीचे नऊ वाजत. मुलं सवयीने बाहेरच्या खोलीत येऊन बसत आणि माझ्याकडे बघत. हे खाटेवरून माझ्याकडे बघत. मी म्हणे, "आज दमलेय रे, उद्या करू." उद्याही तेच. असा दीड महिना गेला. देव नाही असं मला एकदाही वाटलं नाही, ते वाटलं असतं तर बरं झालं असतं. देव आहे, त्याला एक ते सहा या वेळात सगळं दिसत होतं, आणि त्याने मला मिरच्या निवडू दिल्या. अशा देवाशी मी काय बोलू?

त्या दिवसांत आमच्या शेजारच्या काकू रोज संध्याकाळी डबा आणत. काकू वारकरी घराण्यातल्या, गळ्यात तुळशीची माळ. डबा ओट्यावर ठेवायच्या, कालचा रिकामा न्यायच्या. कधी ह्यांच्या उशाशी दहा मिनिटं नुसत्या बसायच्या. बोलणं नाही. एकदा मी भाजी चिरता चिरता रडत होते ते त्यांनी पाहिलं. म्हणाल्या, "काहून रडून राहिल्या बाई? जेवल्या का दुपारी?" मी म्हटलं, "काकू, मला आता प्रार्थनाच करवत नाही. देवाचा रागच येतो." मला वाटलं, माळकरी बाई, दचकतील. त्या म्हणाल्या, "येईल नाही तर काय! आमची जनाबाई विठोबाला शिव्या घालून राहिली होती. त्यानं काही तिचं दळण दळायचं सोडलं नाही. पण तुम्ही आधी जेवा. उपाशीपोटी देवाशी धड भांडताही येत नाही."

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी ह्यांचं बायबल उघडलं. ईयोबाचं पुस्तक काढलं, कारण दुःखाचं पुस्तक म्हणून तेच ठाऊक होतं. रविवारच्या शाळेत आम्हाला शिकवलं होतं की ईयोब फार सोशिक होता. मला वाटलं, आणखी एक उपदेश. पण वाचते तो काय! पहिले दोन अध्याय सोडले तर हा सोशिक ईयोब पुढे पानोपानी देवाला जाब विचारतोय. मी जन्मलो तो दिवस जळो म्हणतो, माझा काय अपराध ते तरी सांग म्हणतो. त्याचे तीन मित्र भेटायला येतात. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसतात आणि कोणी एक अक्षर बोलत नाही. तेवढंच त्यांचं चांगलं वागणं. आठव्या दिवसापासून ते बोलायला लागतात, आणि बोलतात काय, तर आमच्या घरी चहा पिऊन गेलेली मंडळी बोलली तेच. पाप केलं असशील, देव उगाच शिक्षा करत नाही, आणि असं बरंच. असे अध्यायांमागून अध्याय जातात. शेवटी बेचाळीसाव्या अध्यायात देव काय म्हणतो? मित्रांवर त्याचा कोप होतो, कारण त्याच्याविषयी जे खरं ते ईयोब बोलला, ते बोलले नाहीत. देवाची बाजू घेणारे खोटे ठरले आणि देवाशी भांडणारा खरा ठरला!

मी तीनदा वाचलं. मग स्तोत्रसंहिता काढली. एकूण १५० स्तोत्रं. आपल्याला वाटतं सगळी स्तुतीची असतील, पण मोजत गेलं तर गाऱ्हाण्याची स्तोत्रं ढिगाने निघतात. बहुतेकांत शेवटी थोडा उजेड दिसतो, ८८ वं तर अंधारातच संपतं. आणि वधस्तंभावर प्रभू येशूने जी हाक मारली, देवाने मला का टाकलं म्हणून, ती २२ व्या स्तोत्राचीच सुरुवात आहे. म्हणजे मला जो प्रश्न विचारायची लाज वाटत होती, तो प्रभूने भर दुपारी सगळ्यांसमोर विचारला होता.

मला माझी आजी आठवली. नगरला आमच्या घरी लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' पोथीसारखं जपलेलं असे. आजी ते वाचताना हसायची आणि मध्येच चष्मा पुसायची. रेव्हरंड टिळक काही काळ आपल्या नागपुरातच होते. १८९३ साली इथून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार वाचायला दिला आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. नवरा जिवंत, पण धर्म वेगळा नि घर वेगळं. पदरी लहान मूल. शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई नवरा गेला त्या वाटेने लगेच गेली नाही. काही वर्षं ताटातूट सोसली, देवाशी नि नवऱ्याशी कडकडून भांडली, सोवळंओवळं आपल्याच विचाराने एकेक करून सोडलं आणि १९०० साली स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. आजी म्हणायची, "नवऱ्याचा देव उसना घेतला नाही हो तिने, आपला आपण मिळवला." १९१९ साली टिळक गेले. त्यांनी अपुरं ठेवलेलं 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. उसन्या श्रद्धेवर ते जमलं असतं का? आजीचं ते वाक्य मी लहानपणी शंभर वेळा ऐकलं होतं. त्या रात्री ते माझ्यासाठी होतं असं कळलं.

दुसरी आठवली ती पंडिता रमाबाई. १८७० नंतरच्या दुष्काळात तिचे आईवडील नि बहीण गेली. १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली नवरा. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती आणि मनोरमा वर्षाचीही नव्हती. पुढे १८८३ साली इंग्लंडमध्ये तिने बाप्तिस्मा घेतला. मग तरी सुख मिळालं का? दुःखाने तिची पाठ सोडली नाही. १९२१ साली एकुलती एक मनोरमा आईच्या आधी गेली. रमाबाईंना तोवर ऐकूही येईनासं झालं होतं. पुढच्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या. पण त्या अवघ्या महिन्यांत त्या बायबलच्या मराठी भाषांतराचं काम करत होत्या, आणि ते पुरं करून गेल्या. याच रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात आपल्या मध्य प्रांतात आल्या होत्या. नागपूर तेव्हा त्याची राजधानी. भुकेने व्याकूळ झालेल्या मुली आणि बाया त्यांनी पुण्याजवळ केडगावला नेल्या. भूक म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून कळलं नव्हतं. तिथली मुक्ती मिशनची संस्था आजही चालू आहे. माझे आईबाप का मेले याचं उत्तर त्यांना मिळालं असं मला वाटत नाही. उत्तर मिळेपर्यंत हात बांधून त्या बसल्या नाहीत, एवढं मात्र खरं.

दुसऱ्या दिवशी रात्री नऊ वाजता मी मुलांना बसवलं. मला प्रार्थना येत नव्हती. ह्यांच्यासारखे गोड, घोळदार शब्द माझ्याजवळ नव्हते. मी म्हटलं, "देवा, मला तुझा राग आलाय. ह्यांचं बोलणं अडखळलं तेव्हा तू मला का सुचवलं नाहीस? आणि मीही चुकले. मी ह्यांना दवाखान्यात न्यायच्या ऐवजी पन्हं पाजलं आणि झोपवलं. पाच तास घालवले. हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. आता तूच बघ." मुलं घाबरून माझ्याकडे बघत होती. ह्यांच्याकडे बघायचा मला धीर होईना.

खाटेवरून आवाज आला, "ता... ता..." मी वर पाहिलं. ह्यांनी डाव्या हाताने पेला धरल्याची खूण केली, तो तोंडाला लावल्यासारखं केलं आणि वाकड्या तोंडाने हसले. त्यांना पन्हं हवं होतं! मी हसले की रडले, मला सांगता येणार नाही. मुलगी उठली आणि पन्हं करून घेऊन आली. आता ते घट्ट करून चमच्याने द्यावं लागे. माझा पाच तासांचा हिशेब ह्यांनी त्या एका पेल्यात फेडून टाकला.

त्यानंतर आम्ही रोज बसू लागलो. काही दिवसांनी असंच प्रभूची प्रार्थना म्हणत होतो. रोजच्या भाकरीची मागणी येते त्या ठिकाणी मला चौथा आवाज ऐकू आला. आम्ही तिघं होतो. हे म्हणत होते! उच्चार बोबडे, पण शब्द पुरे. आम्हाला क्षमा कर, जशी आम्ही दुसऱ्यांना केली, त्या मागणीपर्यंत हे आमच्या बरोबर आले आणि तिथे थांबले.

मी धावत जाऊन काकूंना उठवलं. सकाळी वाचा शिकवणाऱ्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "असं होतं. लहानपणापासून तोंडपाठ असलेली प्रार्थना, गाणी, पाढे हे मेंदूत आपल्या रोजच्या बोलण्यापेक्षा वेगळ्या वाटेने येतं. बोलायची वाट बंद झाली तरी ती वाट कधी कधी उघडी राहते. त्याचा उपयोग करू, पण लगेच बोलायला लागतील असं समजू नका." आणि तसंच झालं. दुसऱ्या दिवशी ह्यांना पाणी मागताना पुन्हा "ता... ता..."च आलं.

आता तुम्ही विचाराल, मग हा चमत्कार की मेंदूचा नियम? मी म्हणते, नियमच. पण पन्नास वर्षं रात्री नऊ वाजता एका माणसाने तेच शब्द म्हटले, आणि बाकी सगळं पुसलं गेलं तेव्हा तेवढेच शब्द शाबूत राहिले. संकट नसताना, अर्धं चित्त हरभऱ्यात असताना का होईना, पण रोज म्हटलेली प्रार्थना वाया जात नाही. ती संकटाच्या दिवसासाठी मुरत असते. लोणचं आपण भर उन्हाळ्यात घालतो आणि पावसाळ्यात भाजी नसते तेव्हा ते कामाला येतं, तसं आहे हे.

आज सहा वर्षं झाली. हे काठी घेऊन अंगणापर्यंत जातात. तीस-चाळीस शब्द येतात, त्यात "पाणी" आहे आणि माझं नावही आहे. उजवा हात गेला तो गेलाच. पैशाची ओढाताण आहे. मी घरी मसाले करून विकते. कधी रात्री दोनला जाग येते आणि ते पाच तास पुन्हा समोर येऊन बसतात. तेव्हा मी देवाशी बोलते. कधी भांडते. देवाने हे का होऊ दिलं, मला माहीत नाही, आणि माहीत आहे असं सांगणाऱ्यांवर माझा आता भरवसा राहिला नाही. मला एवढंच कळलं की आमचा देव दुःखाकडे लांबून बघत बसलेला नाही. तो स्वतः वधस्तंभावर गेला, त्याच्याही अंगाला खिळे टोचले. त्याच्याजवळ रडायला संकोच वाटत नाही.

तुमचा देव वेगळा असेल, तुमचं दुःखही वेगळं असेल. पण एक मागणं आहे. दुःखाच्या घरी जाल तेव्हा कारणं घेऊन जाऊ नका. डबा घेऊन जा. झणझणीत नको, मऊ खिचडी किंवा कढी-भात बरा. डब्यावर नावाची चिठ्ठी लावू नका, म्हणजे परत करायची काळजी त्या बाईला राहणार नाही. रिकामा डबा तुम्हीच घेऊन या. थोडा वेळ नुसतं बसा. तिने देवावर राग काढला तर दचकू नका, तो तिचा नि देवाचा मामला आहे. आणि ती बाई तुम्ही स्वतःच असाल, तर तोंड मिटून बसू नका. गोड शब्द सापडेपर्यंत थांबलात तर दीड महिना जातो, हे मी अनुभवाने सांगते.

चला, पावणेनऊ झाले. ओटा पुसायचा राहिलाय. हे बाहेरच्या खोलीत काठी आपटून मला बोलावताहेत.